सुटायची राहिलेली वीज

बाईंचं काम सांगायला सोपं होतं. उडत्या विमानाला वीज लागली, की विमान खाली आल्यावर ती कुठं लागली आणि कुठून सुटली हे शोधून काढायचं. हे ऐकून लोक हबकत. इमारतीतल्या एका शेजारणीनं तर हातातली पिशवीच खाली ठेवली होती.

"म्हणजे विमानावर वीज पडते?"

"पडते की," बाई म्हणाल्या. "तुम्ही आत बसून बिस्किटं खात असता. एक दणका बसतो, दिवे मिचकावतात, झालं. ती पत्र्यावरून पळत जाते. आतल्या माणसाला हात लावत नाही."

शेजारणीनं त्या वर्षी सुट्टीला आगगाडीनं जायचं ठरवलं.

माणसाला हात लावत नसली तरी पत्र्यावर ती खुणा सोडते. मोहरीएवढे, फार तर तांदळाच्या दाण्याएवढे जळके ठिपके. विमान पुढं पळत असतं आणि वीज ढगात आपल्या जागी असते. त्यामुळे एका ठिपक्यामागे वीतभर अंतरावर दुसरा, त्याच्यामागे तिसरा, अशी धावदोरा घातल्यासारखी रांग नाकाकडून शेपटीकडे जाते. शेपटीच्या टोकाशी कुठंतरी कड वितळलेली सापडते. ती सुटायची जागा. ती सापडल्याशिवाय विमान सोडायचं नाही हा नियम होता, आणि बाई नियमाच्या बाबतीत साहेबांचंही ऐकून घेत नसत.

बाकीचे तपासनीस दिवा तिरका धरून पत्रा बघत. बाई दिवा धरत, पण शेवटचा हात फिरवायचा तो हातमोजा काढून आणि डोळे मिटून. डोळ्यांना चकवता येतं, बोटांना नाही, असं त्यांचं म्हणणं. हँगरमधले, म्हणजे विमानांच्या दुरुस्तीच्या शेडमधले लोक पाठीमागे त्यांना भिंगबाई म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. सापडलेल्या ठिपक्याभोवती त्या पिवळ्या खडूनं गोल काढत. मग रंगारी येऊन ठिपका घासायचा, भरायचा, त्यावर रंग द्यायचा. रंगारी त्यांच्याच वयाचा, तोंडाला कुलूप नसलेला, मनानं मात्र लोण्यासारखा.

बाईंचे यजमान त्याच कंपनीत वैमानिक होते. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. बाईसुद्धा भांडण असलं की 'अहो कॅप्टन' म्हणत आणि एरवी नुसतं 'अहो'. एकाची पाळी संपायची तेव्हा दुसऱ्याची सुरू व्हायची. निम्मा संसार फोनवर झाला आणि उरलेला एकाच्या झोपेत नि दुसऱ्याच्या आंघोळीत. आता दोघांचीही निवृत्ती जवळ आली होती. एकदमच काम सोडायचं आणि निदान वर्षभर रोज एका वेळी उठायचं, एका वेळी जेवायचं, एवढा एकच बेत त्यांनी केला होता. बाईंना आयुष्याकडून दुसरं काही नको होतं. हे मात्र त्यांना हवं होतं, आणि अगदी जीव टाकून हवं होतं.

त्या दुपारी कॅप्टनचं विमान वीज लागून आलं. प्रवासी कुरकुरत, फोनवर बढाया मारत उतरून गेले. सहवैमानिक मुलगी हँगरपर्यंत चालत आली. कॅप्टनच्या हाताखाली तयार झालेली, धीट मुलगी.

"बाई, केवढा आवाज झाला म्हणून सांगू," ती म्हणाली. "माझ्या हातातलं पेनच उडालं. मागं प्रवासी किंचाळले. कॅप्टन मात्र ढिम्म."

"त्यांना सवय आहे."

"तसं नाही. सगळं पांढरंफटक झालं, दणका बसला, आणि हे माझ्याकडे वळून विचारतात, आवाज कधी येणार? मी म्हटलं, सर, आला की. तर म्हणतात, नाही, अजून नाही." ती हसली, पण बाईंकडे न बघता. "विमान मात्र लोण्यावर सुरी ठेवावी तसं उतरवलं त्यांनी."

कॅप्टन जिन्याशी उभे होते. मान जराशी कलती, आतल्या खोलीतून कुणी हाक मारतंय का ते ऐकावं तशी. बाईंना बघून त्यांचा चेहरा उजळला.

"तुझ्यासाठी काम आणलंय," ते म्हणाले.

लागायची जागा बाईंना लगेच सापडली. डाव्या बाजूला, कॅप्टनच्या खिडकीच्या बरोबर खाली, पत्रे जोडणाऱ्या एका रिव्हेटचं डोकं वितळून चपटं झालं होतं. तिथून ठिपक्यांची रांग निघाली होती, आणि पुढच्या दारापाशी येऊन थांबली होती. पलीकडे काही नाही. बाईंनी पंख पाहिले, पोट पाहिलं, शेपटी कडेकडेनं बोटांनी चाचपली. पत्रा थंड, गुळगुळीत, निर्दोष.

"अर्ध्यात दोरा तुटला म्हणायचा," रंगारी खालून म्हणाला. "आत बसून राहिली असेल. तिकीट काढलं असेल तिनं."

"तुम्ही रंग ढवळा," बाई म्हणाल्या.

विमान तसंही उडणार नव्हतं. नाकावरच्या टोपीला तडा गेला होता आणि नवी टोपी परदेशातून यायची होती. चौकशी पुरी होईपर्यंत कॅप्टनना घरी बसायला सांगितलं होतं. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा दिवसपाळी मागून घेतली.

ते दिवस फार गोड गेले. बाई संध्याकाळी घरी येत तेव्हा दिवाणखान्यात दिवा लागलेला असे आणि कॅप्टन दार उघडत. स्वयंपाकघरात दोघं एकमेकांच्या पायात येत आणि त्यावरून हसत. कॅप्टन पूर्वी घरी असले तरी अर्धे घड्याळात असायचे. आता मात्र समोर बसून बाईंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत. रंगाऱ्याचे विनोदसुद्धा पुन्हा सांगायला लावत. बाई सांगताना मध्येच थांबत आणि त्यांच्याकडे बघत राहत. इतकी वर्षं हा माणूस कुठं होता, असं त्यांच्या मनात येई आणि डोळे भरून येत.

एका सकाळी कॅप्टननी गाल त्यांच्या गालाला लावला. गाल तुळतुळीत होता.

"आज सकाळी सकाळीच दाढी?"

"नाही गं. त्या दिवशी निघताना केली होती, तीच."

त्यांनी ते गमतीनं सांगितलं. बाईही हसल्या. मग लक्ष द्यायला लागल्यावर एकेक दिसू लागलं. कॅप्टनच्या हातातला चहा निवत नव्हता. पेपर वाचून होईपर्यंत त्यांच्या कपातून वाफ येत राही आणि बाईंच्या कपावर साय धरलेली असे. ते थकत नव्हते. नखं वाढत नव्हती. आणि अगदी जवळून पाहिलं तर त्यांच्या दोन्ही बुबुळांत एक बारीक पांढरा ठिपका होता. बाईंनी पडदा ओढला, दिवा घालवला, तरी तो तिथंच होता.

इकडे हँगरमध्ये ठिपके वाढत होते.

पहिला नवा ठिपका सापडला तेव्हा बाईंना स्वतःचीच लाज वाटली. दाराच्या मागे वीतभर अंतरावर, दिवसाढवळ्या दिसेल असा, आणि आपल्याकडून राहिला. रंगाऱ्यानं तो भरला. दुसऱ्या दिवशी त्याच्यामागे आणखी एक. मग बाई हट्टाला पेटल्या. रंगाऱ्याला शिडीवर बोलावून घेतलं, तिथून शेपटीपर्यंतचा सगळा पत्रा फडक्यानं पुसला, दोघांनी मिळून बोटांनी तपासला आणि खडूनं उभी रेघ मारली.

"इथून मागं सगळं साफ. बरोबर?"

"बरोबर," रंगारी म्हणाला. "माझ्या टकलासारखं."

सकाळी रेघेच्या मागे ठिपका होता. कड अजून कोमट होती. रंगारी रंगाचा डबा उचलून खाली गेला आणि दिवसभर त्यानं एकही विनोद केला नाही.

बाई शिडीवरच बसून राहिल्या. समोर ते अवजड विमान चाकांना अडसर लावून, तारेनं जमिनीला बांधून उभं होतं. आणि तरी ते पुढं जात होतं. त्या दुपारच्या ढगात, त्या एका लखलखाटातून, रोज वीतभर. वीज लागून गेलेलीच नव्हती. लागत होती. रांग शेपटीला पोचली की ती सुटणार होती आणि मग तो आवाज येणार होता, ज्याची कॅप्टन मान कलती करून वाट बघत होते. त्या क्षणात जो माणूस अजून बसलेला आहे, त्याचं क्षण संपल्यावर काय होणार? आपण शहाण्यासुरत्या बाई आहोत, हे त्यांनी मनाला दोनदा बजावलं. काही उपयोग झाला नाही.

संध्याकाळी कॅप्टन गॅलरीत उभे होते. आकाश कोरडं, निरभ्र.

"एक विचारू?" ते म्हणाले. "आपण उतरलो ना?"

"म्हणजे काय? मी स्वतः बघितलं. तुम्ही जिन्याशी उभे होतात."

"हं. मला जिना आठवतो. त्याच्याआधी पांढरं झालं ते आठवतं. मधलं काही नाही." त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. "भीती नाही वाटत गं. उलट इतकं निवांत कधी वाटलं नव्हतं. फक्त तो एक आवाज यायचा राहिलाय. तो आला की झालं."

"काय झालं?"

"ते नाही कळत," कॅप्टन म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी जेवणाची ताटं मांडली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. शेपटीच्या कडेला पेन्सिलीएवढ्या काड्या बसवलेल्या असतात. विमानाच्या अंगावरची वीज त्यांतून हवेत सुटते. तपासणीचं निमित्त सांगून बाईंनी त्या सगळ्या काढायला लावल्या. सुटायला वाटच नसेल तर ती जाईल कुठं, असा त्यांचा हिशेब. नव्या माणसानं असा हिशेब केला असता तर त्यांनीच त्याला फैलावर घेतलं असतं. वाट बंद केली की वीज थांबत नाही, घाईला येते, हे बाई नव्या माणसांना कामाच्या पहिल्याच दिवशी शिकवत.

सकाळी एकाच्या जागी ठिपक्यांची अख्खी ओळ होती. मागच्या दाराच्याही पलीकडे गेलेली.

बाईंनी घरी फोन लावला.

"बरं झालं केलास," कॅप्टनचा आवाज लांबून आल्यासारखा होता. "गंमत बघ, आज आरशात मी नीट दिसत नाहीये. मागची भिंत जास्त दिसते."

"अहो, बसून राहा. कुठं जाऊ नका. मी येते."

"सावकाश ये. मी काय, इथंच आहे."

तेवढ्यात साहेब आले. नवी टोपी आली होती, दुपारपर्यंत बसवून होणार होती. "आज विमान सोडायचंय," साहेब म्हणाले. "सुटायची जागा सापडली का?"

"सापडेल," बाई म्हणाल्या.

"काड्या कुणी काढल्या?"

"मी. बसवून घेते."

त्यांनी उंच होणारा पाळणा शेपटीपाशी लावून घेतला. तळाला रबराची जाड चटई अंथरली. नेहमीचे जाड तळाचे बूट घट्ट बांधले. रंगारी खालून बघत होता.

"मी येऊ का वर?"

"नको. आणि कुणाला जवळ येऊ देऊ नका."

पाळणा वर गेला. शेवटचा ठिपका हाताच्या अंतरावर होता. त्याच्या मागे थोडासा कोरा पत्रा, आणि मग शेपटीचं टोक. आयुष्यभर बाईंनी वीज गेल्यावर मागाहून तिची वाट शोधली होती, तिच्या वाटेत मात्र त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

बाईंनी उजव्या हातातला हातमोजा काढला. डोळे मिटले. तळवा कोऱ्या पत्र्यावर सपाट टेकवला.

पत्रा थंड होता.

मग थंड राहिला नाही.

बाई पुटपुटत होत्या. प्रार्थना नव्हती ती. एखाद्या रुसलेल्या पोराला समजवावं तसं बोलणं होतं. इकडे ये. तिकडे काही नाही. वाट बंद करत नाही मी, माझ्या अंगावरून सावकाश जा; पायाखाली रबर आहे, एकदम जमिनीत पडायची घाई नको. माझ्यापाशी राहा. त्यांना सोड.

पेटवलेल्या आगकाडीचा वास आला.

मिटलेल्या पापण्यांआडही सगळं पांढरं झालं. त्यांनी डोळे उघडले तर हँगर पांढरं होतं, विमान पांढरं होतं, खाली रंगाऱ्याचा वर उचललेला चेहरा पांढरा होता.

आणि कसलाही आवाज नव्हता.

मग रंग परत आले. रंगारी खालून विचारत होता, "बाई, ठीक ना?" त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. त्याला काही दिसलेलं नव्हतं.

खिशातला फोन वाजत होता.

"ऐकलंस?" कॅप्टन जवळजवळ ओरडत होते. "अगं, केवढ्यानं कडाडलं! मी खुर्चीतून उडालो. चहा सांडला सगळा पायजम्यावर. आणि बाहेर बघतो तर लख्ख ऊन." ते हसत होते आणि हसता हसता त्यांचा श्वास अडकत होता. "काय भूक लागलीय मला. तू ऐकलंस ना? तिकडेही ऐकू आलं असेल."

"हो," बाई म्हणाल्या. "ऐकलं." आणि पाळण्याच्या कठड्याला टेकून त्या रडल्या.

खाली उतरल्यावर रंगाऱ्यानं विचारलं, "सापडली सुटायची जागा?"

"नाही म्हणजे... आता शोधायची गरज नाही. ती विमानावर नाही."

रंगाऱ्यानं त्यांच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. मग त्यानं काड्या बसवायला माणूस बोलावला. बाईंनी सही केली. डाव्या हातानं केल्यामुळे ती जरा वेडीवाकडी आली. विमान संध्याकाळी उडालं आणि त्याच्यावर पुन्हा एकही ठिपका उठला नाही.

दोघांनी ठरल्याप्रमाणे एकदमच काम सोडलं. आता ती दोघं रोज एका वेळी उठतात. कॅप्टनची दाढी भराभर वाढते, आणि घाईत केली की हनुवटीला कापतं. बाई कापूस घेऊन धावतात. कापल्याचं त्यांना इतकं कौतुक का वाटतं, हे कॅप्टनना कळत नाही. कॅप्टन पुन्हा दमतात, चिडतात, जेवल्यावर खुर्चीत घोरतात. बाई समोर बसून ते घोरणं ऐकतात. अशा दुपारी आपल्याला सगळं मिळालं असं त्यांना वाटतं, आणि ते खरंच आहे.

बाई हल्ली घरातही लांब बाह्यांचं घालतात. न्हाणीघरात दार लावून, डोळे मिटून, डाव्या हाताची बोटं उजव्या हातावरून फिरवतात. तळव्याच्या मध्यापासून सुरुवात. विमानावर वीतभर अंतर असायचं. इथं बोटाच्या रुंदीएवढं आहे, आणि नवा ठिपका आठवड्यानं एकदा उठतो. या सावकाशीचं त्यांना बरं वाटतं. मनगट, कोपर, दंड, खांदा, आणि मग पुढे. नीट पुरवून वापरलं तर ठरवलेलं वर्ष सहज होईल, कदाचित जास्तही.

परवा सकाळी चहा गाळताना बाही वर सरकली. कॅप्टन शेजारीच उभे होते.

"हे काय गं? भाजलं?"

"किटली लागली जरा."

त्यांनी बाईंचा हात दोन्ही हातांत धरला, लहान मुलाच्या लागलेल्यावर घालावी तशी हलकेच फुंकर घातली, आणि मध्येच थांबून बाईंकडे पाहिलं.

"काल हे मनगटापाशी होतं ना?"

"नाही हो, इथंच होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी बाही खाली ओढली आणि कॅप्टनचा कप निवायच्या आत त्यांच्या हातात दिला.